महारेराला खुले पत्र: नळाच्या ब्रँडशेजारी त्याचा प्रवाहही लिहायला लावा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई

विषय: घरखरेदीच्या करारनाम्यात नळ व शॉवर यांचा प्रवाह नोंदवण्याबाबत

महोदय,

मी पुण्यात इमारतींच्या प्लंबिंगची आखणी करते. टाकी कुठे, लाइन कुठून, दाब किती, नळ कोणता, हे ठरवणं माझं रोजचं काम. या पत्रातली मागणी छोटी आहे, म्हणून आधी तीच सांगते. घरखरेदीच्या करारनाम्याला सॅनिटरी फिटिंगचा जो तपशील जोडावा लागतो, त्यात प्रत्येक नळापुढे आणि शॉवरपुढे त्याचा प्रवाह लिहिणं बंधनकारक करावं. मिनिटाला किती लिटर, आणि किती दाबाला, एवढंच.

आज काय लिहिलं जातं ते आपण जाणताच. आदर्श करारनाम्यात फ्लोअरिंग, सॅनिटरी फिटिंग, लिफ्ट यांचा ब्रँड नोंदवायची तरतूद आहे. ब्रँड नसेल तर किमतीची पट्टी द्यायची असते. हे सगळं जोडपत्र 'ई'मध्ये येतं. म्हणजे नळ कोणाचा आणि साधारण किती रुपयांचा, हे ग्राहकाला सही करण्याआधी कळू शकतं. त्यातून पाणी किती पडणार, हे मात्र कुठेच नसतं. मी पाहिलेल्या बहुतेक करारांत तर 'नामांकित कंपनीच्या सीपी फिटिंग्ज' (म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेले नळ वगैरे) एवढ्यावरच काम भागवलेलं असतं. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणारा माणूस त्या नळाचा रंग, चकाकी, आकार सगळं सॅम्पल फ्लॅटमध्ये बघून येतो. पण त्या नळामुळे त्याच्या सोसायटीला महिन्याला किती टँकर मागवावे लागतील, याचा अंदाज बांधायला त्याच्या हातात एकही आकडा नसतो.

आणि टँकर हा शब्द मी सहज वापरलेला नाही. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं पुणे महापालिकेत आली. त्या पट्ट्यात आणि हिंजवडी-वाकडच्या बाजूला टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. नळाचं पाणी त्यांच्या मागून, कुठे अर्धवट, कुठे अजून यायचंच आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं तसंच चाललं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे 29 टीएमसी. त्यातूनच पुण्याने प्यायचं आणि त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला पाणी जायचं. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत शहर आणि शेती समोरासमोर येतात. शहराने जास्त घेतलेला प्रत्येक लिटर कुणाच्या तरी उसाच्या, नाहीतर डाळिंबाच्या पाळीतून येतो. अशा ठिकाणी नव्या घरातला नळ मिनिटाला 6 लिटर देतो की 14, हा घरमालकाच्या आवडीनिवडीपुरता प्रश्न राहत नाही.

थोडा हिशेब मांडते. शहरी घरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरून आपण लाइनी आणि टाक्या आखतो. त्यातले 45 लिटर संडासाच्या फ्लशसाठी धरलेले असतात. आता छतातून पडणारा मोठा रेन शॉवर घ्या. दाब चांगला असेल तर असा शॉवर मिनिटाला 15 लिटर सहज देतो. त्याखाली 8 मिनिटं उभं राहिलं की 120 लिटर झाले. एका आंघोळीत एका माणसाचा जवळजवळ दिवसाचा कोटा संपला. हाच शॉवर 7 लिटरचा असता तर 56 लिटरमध्ये आंघोळ झाली असती. बेसिनचं बघू. चौघांच्या घरात प्रत्येकाचा बेसिनचा नळ दिवसाला एकूण 4 मिनिटं चालतो असं धरू. 12 लिटरचा नळ असेल तर घराचे 192 लिटर होतात, 6 लिटरचा असेल तर 96. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत हा फरक रोजचा 19,200 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास दोन टँकर. आणि हे फक्त बेसिनचं झालं. स्वयंपाकघरातलं सिंक आणि शॉवर यात धरलेलेच नाहीत.

'दात घासताना नळ बंद ठेवा' असे फलक सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावलेले असतात. ते असावेतच. पण माझ्या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. माणसाची सवय बदलण्यापेक्षा नळ बदलणं सोपं असतं. सहा आणि तीन लिटरची ड्युअल फ्लश टाकी आज मध्यमवर्गीय घरात सर्रास बसते. त्यासाठी कुणाला व्याख्यान द्यावं लागलं नाही. चांगली वस्तू बसली आणि पाणी आपोआप कमी लागू लागलं.

मग नळाच्या बाबतीत तसं का होत नाही? इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल, कारण प्रवाहासोबत दाबही लिहा, हा माझा आग्रह त्यातूनच येतो.

नळातून किती पाणी येणार हे नळाइतकंच त्याच्या मागच्या दाबावर ठरतं. गच्चीवरच्या टाकीपासून 10 मीटर खाली आलं की दाब साधारण 1 बारने (बार हे दाब मोजायचं एकक) वाढतो. एका मजल्याची उंची 3 मीटर धरली तर मजल्यामागे 0.3 बार. उंच इमारतीत हा दाब खालच्या मजल्यांवर फार होतो, म्हणून आम्ही टाकीतून खाली येणाऱ्या डाउनटेक लाइनवर पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, बसवून काही काही मजल्यांचे झोन पाडतो. आठ मजल्यांचा एक झोन घेतला तर वरच्या घरात 1 बार आणि सगळ्यात खालच्या घरात 3.1 बार दाब असू शकतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वरच्या घरात मिनिटाला 7 लिटर देणारा नळ खालच्या घरात 12 लिटर देतो. नळ एकाच कंपनीचा, एकाच किमतीचा, करारातल्या एकाच ओळीत लिहिलेला. दोन घरांना मिळालेली वस्तू मात्र वेगळी.

यावर उपाय आहे आणि तो नळाच्या तोंडाशी बसणाऱ्या, अंगठ्याएवढ्या तुकड्यात असतो. आपण त्याला जाळी म्हणतो, कारखान्यात एरेटर म्हणतात. साधी जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरीव आणि मऊ वाटते, अंगावर पाणी उडत नाही. चांगल्या जाळीत याशिवाय एक रबरी कडं असतं. दाब वाढला की ते कडं चेपून खाचांमध्ये बसतं आणि पाण्याची वाट अरुंद होते. दाब कमी झाला की पुन्हा मोकळं होतं. त्यामुळे दाब 1.5 बार असो की 4 बार, प्रवाह जवळपास एकच राहतो. आमच्या झोनमधल्या वरच्या आणि खालच्या घरातला फरक हे कडं बराचसा मिटवतं. नळाच्या किमतीपुढे याची किंमत नगण्य आहे.

साधी जाळी आणि कडं असलेली जाळी बाहेरून सारखीच दिसते. ग्राहकाला फरक कळत नाही, दुकानदारालाही पुष्कळदा नाही. फरक कळतो तो आकड्यातून. 'मिनिटाला 6 लिटर, 1.5 ते 4 बार' असं लिहायचं म्हटलं की बिल्डरच्या खरेदी विभागाला नळ कंपनीकडून ती माहिती मागवावी लागेल, आणि माहिती मागवली की कडं असलेली जाळी आपोआप येईल. कंपन्या ती बनवतातच. मागणारा नाही, म्हणून ती पेटीत येत नाही.

आता उलट बाजू, जी पाणीबचतीवर बोलणारे सहसा टाळतात. कमी प्रवाहाचा नळ वाईट रीतीने निवडला तर लोक तो सहन करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि शॉवर यांच्यात चार-पाच मीटरचंच अंतर असतं. दाब अर्ध्या बारच्या आसपास. तिथे 4 बारसाठी बनवलेली जाळी लावली तर करंगळीएवढी धार येते. घरमालक प्लंबरला बोलावतो, प्लंबर पान्याने जाळी काढतो आणि खिशात टाकून घेऊन जातो. त्या क्षणी पाणीबचतीचा नळ संपला. अमेरिकेच्या 'वॉटरसेन्स' या प्रमाणपत्रात हा विचार केलेला आहे. न्हाणीघरातल्या बेसिनच्या नळाला तिथे दोन अटी आहेत. सुमारे 4 बारला प्रवाह मिनिटाला 5.7 लिटरपेक्षा जास्त नको, आणि सुमारे 1.4 बारला 3 लिटरपेक्षा कमी नको. वरची मर्यादा पाणी वाचवते आणि खालची मर्यादा माणसाची सोय सांभाळते. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं, त्यामुळे आपल्याला खालची मर्यादा तर अधिकच जपायला हवी. वरच्या दोन-तीन मजल्यांना प्रेशर पंप आहे की नाही, हेही त्याच नोंदीत यायला हवं.

जाळी निघून जाण्याचं दुसरं कारण साइटवर घडतं. ताबा द्यायच्या आधी लाइनींची टेस्टिंग होते. पाइपांत वाळू, सिमेंटचे कण, सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) पाइप कापताना पडलेला चुरा असतो. तो चुरा थेट जाळीत येऊन बसतो. नियमाने आधी लाइनी मोकळ्या तोंडाने भरपूर वाहवायच्या आणि मग जाळ्या लावायच्या. घाईच्या साइटवर उलटं होतं. नळ जाळीसकट लागतात, तुंबतात, प्लंबर जाळ्या काढतो, पिशवीत भरतो, आणि ती पिशवी कुठल्यातरी डक्टमध्ये राहून जाते. राहायला आलेल्या माणसाला हे कधी कळतच नाही. त्याला वाटतं, आपला नळ असाच जोरात येतो. करारात प्रवाह लिहिलेला असेल तर ताबा घेताना तो एक लिटरचं माप आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन नळ तपासू शकेल. 6 लिटरचा नळ म्हणजे लिटरभर भरायला 10 सेकंद. याला इंजिनिअर लागत नाही.

तिसरं कारण क्षार. बोअरचं आणि टँकरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला आहे. पाण्याचा कठीणपणा जास्त असेल तर जाळीवर काही महिन्यांत पांढरा थर जमतो. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवली की ती साफ होते. पण ती काढता आली पाहिजे. हल्ली जाळी नळाच्या आत दडवलेली असते, दिसायला छान दिसते, आणि ती फिरवायला प्लॅस्टिकची एक छोटी किल्ली लागते. ती किल्ली नळाच्या पेटीत येते आणि पेटीबरोबर साइटवरच्या कचऱ्यात जाते. ताब्याच्या वेळी घराच्या किल्ल्यांबरोबर ही किल्लीही ग्राहकाच्या हातात द्यायला सांगा. बिल्डरला याचा एक पैसाही खर्च नाही.

आधुनिक न्हाणीघराची हौस मला कळते. सुंदर बेसिन, भिंतीतून आलेला नळ, एका हाताने फिरणारा मिक्सर, हे सगळं असावं. उलट पाणी वाचवण्याच्या दृष्टीने नव्या नळांत खरी सुधारणा आहे. जुन्या नळात रबरी वॉशर झिजायचा, मग नळ गळायचा, मग माणूस अजून जोरात आवळायचा, मग वॉशर आणखी झिजायचा. नव्या नळात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. पाव वळणात नळ बंद होतो आणि वर्षानुवर्षं थेंब पडत नाही. म्हाताऱ्या, संधिवाताच्या बोटांनाही हँडल ढकलता येतं. सिंगल लिव्हर मिक्सरमध्ये आता अशी कार्ट्रिज (हँडलखालचा, पाणी मिसळणारा भाग) मिळतात की हँडल मधोमध ठेवलं तर फक्त गारच पाणी येतं. गरम हवं तर मुद्दाम डावीकडे फिरवायचं. साध्या मिक्सरमध्ये मधोमध उघडलं की गरम लाइनमधलंही पाणी ओढलं जातं आणि हात धुण्यापुरता गीझर उगाच पेटतो.

पण सगळी हौस सारखी नाही. धबधब्यासारखी रुंद, उघडी चोच असलेला नळ दिसतो देखणा, पण त्याला जाळी बसवायला जागाच नसते. उथळ टेबलटॉप बेसिनवर उंच मानेचा नळ लावला की पाणी काठाबाहेर उडतं आणि आरसा, ओटा, जमीन सगळं पुसत बसावं लागतं. घरातल्या न्हाणीघरात सेन्सरचा नळ मला तरी अनावश्यक वाटतो. मॉलमध्ये, दवाखान्यात, विमानतळावर तो ठीक. हे माझं मत झालं. आपण कोणता नळ लावा हे सांगू नये, सांगण्याचं कारणही नाही. आकडा लिहायला लावा, मग धबधबा नळ घ्यायचा की नाही हे घर घेणारा ठरवेल.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवं. आपल्याकडची आंघोळ अजूनही पुष्कळ घरांत बादलीने होते. बादली 15 लिटरची असेल तर ती जोराच्या नळाने भरली काय आणि मंद नळाने भरली काय, पाणी 15 लिटरच लागतं. बादलीच्या नळाला प्रवाह रोखणारी जाळी लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बचत काही नाही. बादली भरायला दुप्पट वेळ, सकाळी शाळा-ऑफिसच्या घाईत घरच्यांची चिडचिड, आणि शेवटी घरातल्या सगळ्याच जाळ्यांवर राग. वॉशिंग मशीनचा, ड्राय बाल्कनीतला आणि बादलीचा नळ मोकळाच असू द्यावा. बचत होते ती जिथे पाणी वाहतं ठेवून काम केलं जातं तिथे, म्हणजे बेसिन, सिंक, शॉवर आणि हेल्थ फॉसेट (संडासातला हाताचा फवारा) इथे. म्हणून माझी मागणी सरसकट मर्यादेची नाही, नळागणिक नोंदीची आहे.

गरम पाण्याचाही एक पेच आहे. गीझर किंवा सोलर टाकीपासून शॉवरपर्यंतच्या पाइपात जे गार पाणी थांबलेलं असतं, ते आधी वाहून गेल्याशिवाय गरम येत नाही. आतला व्यास 20 मिलिमीटर आणि लांबी 12 मीटर असेल तर त्या पाइपात पावणेचार लिटर पाणी असतं. 12 लिटरच्या नळाला ते सरायला 19 सेकंद लागतात, 6 लिटरच्या नळाला 38. वाया जाणारं पाणी तेवढंच, थांबायची वेळ दुप्पट. म्हणजे नुसता नळ बदलून भागत नाही. गीझर जवळ हवा, लाइन आखूड आणि बेताच्या व्यासाची हवी, गच्चीवरच्या सोलरला परतीची लाइन हवी. हे काम आमचं आणि वास्तुविशारदांचं आहे, आपलं नाही. तरी सांगते, कारण नळाचा प्रवाह कागदावर आला की आखणी करणाऱ्यालाही या बाकीच्या गोष्टींकडे बघावंच लागतं. प्रवाह माहीत असेल तर आम्ही पाइपाचे व्यास, पंप, टाक्या सगळं नेमकं मोजू शकतो. आज पुष्कळदा नळ शेवटी, इंटिरिअरच्या टप्प्यावर बदलला जातो आणि आधीची सगळी गणितं हवेत राहतात.

आपण विचाराल, हे महारेराचं काम आहे का? पाणी महापालिकेचं, मानकं भारतीय मानक ब्युरोची, बांधकाम नियमावली नगरविकास विभागाची. मर्यादा घालणं त्यांचंच काम आहे आणि त्यांनी ते करावं. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पावसाचं पाणी साठवणं, सौर पाणीतापक, सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या तरतुदी आहेत. हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला जादा एफएसआयही मिळतो. पण ग्राहकाला खरी माहिती देऊन मगच त्याची सही घ्यायची, हा अधिकार आपला आहे, आणि तो आपण वापरून दाखवलेला आहे. रेरा कायद्याने कार्पेट एरियाची एकच व्याख्या आणली आणि सुपर बिल्ट-अपच्या धुक्यात हरवणारा ग्राहक जमिनीवर आला. 2024 साली आपण पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा करारासोबतच्या जोडपत्रात लिहिणं बंधनकारक केलंत. खांबाआड गाडीच शिरत नाही अशा पार्किंगच्या तक्रारी येत होत्या, म्हणून ते झालं. पार्किंगला मीटरमध्ये माप मिळालं, तसं नळाला लिटरमध्ये मिळावं.

जगात हे नवीन नाही. ऑस्ट्रेलियात 2005 च्या कायद्याने नळ, शॉवर, वॉशिंग मशीन यांवर पाण्याचं लेबल आलं. त्यावर तारे असतात आणि नळाच्या लेबलवर मिनिटाला किती लिटर तेही छापलेलं असतं. पाण्यासाठी शेजारच्या देशावर अवलंबून असलेल्या सिंगापूरने 2009 पासून नळांवर असं लेबल सक्तीचं केलं. अमेरिकेच्या 1992 च्या ऊर्जा कायद्याने नळाला मिनिटाला सुमारे 9.5 लिटरची कमाल मर्यादा घातली, ती पुढे 8.3 लिटरवर आणली गेली. आपल्याकडेही मानक तयार आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 17650, 2021 सालचं, कमी पाणी वापरणाऱ्या प्लंबिंग उत्पादनांसाठीच आहे. त्याचा पहिला भाग सॅनिटरीवेअरचा, दुसरा नळ-शॉवरसारख्या फिटिंगचा, आणि त्यात तारांकनाची सोय आहे. ग्राहक फ्रिज, एसी आणि गीझरचे तारे बघून घ्यायला शिकला. त्याच गीझरखालच्या नळाचे तारे त्याला कुणी दाखवत नाही.

आणि उशीर केला तर काय होतं, हे बंगळूरुने दाखवलं. 2023 चा पाऊस कमी झाला, बोअर आटल्या, आणि मार्च 2024 मध्ये तिथल्या जलमंडळाला हॉटेलं, ऑफिसं, निवासी संकुलं यांच्या नळांना एरेटर बसवण्याची सक्ती करावी लागली. संकटात ते बरोबरच होतं. पण वापरातल्या इमारतीत, हजारो वेगवेगळ्या नळांना, आट्यांच्या फरकासह, मुदतीच्या धाकाने जाळ्या शोधत फिरणं आणि नवी इमारत बांधतानाच योग्य नळ घेणं, यात खर्चाचा आणि त्रासाचा फरक किती हे मी रोज बघते. नळ भिंतीत बसून टाइल लागली की कन्सील्ड बॉडी, म्हणजे नळाचा भिंतीत दडलेला भाग, बदलायला टाइलच फोडावी लागते.

बिल्डर मंडळींच्या शंका मी साइट मीटिंगांत ऐकते. ग्राहकाला जोरदार धार आवडते, ही पहिली. जोरदार वाटणं आणि जास्त पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा मिसळलेली 6 लिटरची धार हाताला भरीव लागते. सॅम्पल फ्लॅटमध्येच असा नळ लावून बघा, आकडा सांगायच्या आधी ग्राहकाला हात धुऊ द्या. दुसरी शंका, करार आधीच जाडजूड आहे. ही दोन ओळींची भर आहे. तिसरी शंका रास्त आहे: ताब्याला चार-पाच वर्षं असतात आणि तोवर नळाचं मॉडेल बंद होतं. म्हणूनच मॉडेल नाही, प्रवाह लिहायचा. मॉडेल बदललं तरी समान प्रवाहाचा दुसरा नळ लावता येतो, आणि ग्राहकाचं नुकसान होत नाही.

लिहून द्यायचा मजकूर असा असावा, असं मला वाटतं: "बेसिन, सिंक व शॉवर यांचा प्रवाह: बेसिन ___ लिटर प्रति मिनिट, सिंक ___, शॉवर ___, हेल्थ फॉसेट ___; मोजणीचा दाब ___ ते ___ बार. या सदनिकेच्या मजल्यावर अपेक्षित दाब ___ बार. प्रेशर पंप आहे / नाही. आयएस 17650 नुसार तारांकन असल्यास ___ तारे. जाळी काढण्याची किल्ली ताब्याच्या वेळी दिली जाईल." रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार कामाच्या आणि दर्जाच्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर 5 वर्षं प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, असतेच. मग जाळीच न लावता दिलेला नळ हा दोष धरायचा की नाही, यावर वाद उरणार नाही, कारण आकडा कागदावर असेल.

पहिल्या वर्षी हे नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रकल्पांपुरतं ठेवावं. चालू प्रकल्पांत नळांच्या ऑर्डरी गेलेल्या असतात, त्यांना मागे ओढण्यात अर्थ नाही. वर्षभराने नोंदी चाळून बघाव्यात. कुठल्या भागात कोणते आकडे लिहिले जातात, टँकरवर जगणाऱ्या पट्ट्यात 14 लिटरचे शॉवर विकले जात आहेत का, हे आपल्याच नोंदींतून महापालिकेला आणि नगरविकास विभागाला कळेल, आणि मर्यादा कुठे घालायची ते त्यांना ठरवता येईल. याचा मसुदा करताना प्लंबिंगची आखणी करणाऱ्यांपैकी दोघांतिघांना आणि प्रत्यक्ष साइटवर नळ लावणाऱ्या एका तरी अनुभवी प्लंबरला बोलवावं, ही विनंती. जाळ्या पिशवीत का जातात हे तो आमच्यापेक्षा नीट सांगेल.

कळावे,
आपली,
पुण्यातील एक प्लंबिंग सल्लागार